पश्चिमेच्या खोल्या

नकाशावर उत्तरेचा बाण वर असतो. कागद पालथा घातला तरी तो वरच राहतो.

*

तोरवी सरांचं अक्षर सुंदर होतं. ते त्यांना माहीत होतं.

*

आमच्या सोलापुरात एका बँकेच्या उत्तरेच्या भिंतीला विटांची जाळी आहे. उत्तरेकडून ऊन येत नाही. जाळीत पारवे राहतात.

*

"ताक पिऊन कुणी खोटं बोलत नाही." खमितकर अण्णांचं वाक्य.

*

वीट भिंतीच्या रेषेत ठेवली तर वारा अडतो. थोडी तिरकी ठेवली तर वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहतं. हे कळायला कॉलेज लागत नाही. पारव्यांनाही कळतं.

*

इरफान शाब्दीला गप्प बसता येत नाही. एकदा बसला.

*

"हं मॅडम, घ्या की नाव," खमितकर अण्णा म्हणाले.

बस एका शाळेची होती, मंडळानं दुपारपुरती मागून घेतलेली. बाकं मुलांच्या मापाची. जिल्ह्यातले सगळे आर्किटेक्ट गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते आणि बाकाची उंची किती हवी यावर वाद घालत होते. अण्णांनी विचारल्यावर ते थांबले. ड्रायव्हरनंही मागं वळून पाहिलं, कारण कुठं जायचं हे त्यालाही माहीत नव्हतं.

जिल्हा वास्तुकार मंडळाच्या अध्यक्षपदाला मी, पद्मजा येमूल, उभी होते. समोर शिवशंकर तोरवी. ते तेव्हा अध्यक्ष होतेच. त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहत नसे, त्यामुळं फेरी कशी असते हे अर्ध्या सभासदांनी फक्त ऐकलं होतं.

फेरी ही आमच्या मंडळाची जुनी रीत. आमच्याकडं प्रचाराची भाषणं नसतात. उमेदवारानं बांधलेली एक इमारत सगळ्यांनी मिळून पाहायची, आणि ती निवडायची त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं. नाव आधी सांगायचं नाही. सगळे बसमध्ये बसले की सांगायचं, म्हणजे कुणाला आधी जाऊन झाडलोट करता येत नाही. भर दुपारी जायचं आणि आत बसायचं. बस सुटल्यापासून मतदान होईपर्यंत दोन्ही उमेदवारांनी आपणहून एक शब्द बोलायचा नाही. सभासद विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि ते खरं द्यायचं. उमेदवारानं उमेदवाराला विचारायचा तो एकच प्रश्न. ही रीत अण्णांच्या पिढीनं घातली होती आणि आता ती पाळून घेणारे अण्णाच उरले होते. मांडीवर ताकाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन ते ड्रायव्हरच्या मागं बसले होते.

नाव आधीच ठरलं होतं. ते इरफाननं आणि मी ठरवलं होतं. इरफान शाब्दी माझा सूचक. वयानं लहान, जिभेनं मोठा. त्याच्या मते तोरवी सरांचं बाजारपेठेतलं काचेचं व्यापारी संकुल म्हणजे देवानं आमच्यासाठीच उभं केलं होतं. दुपारी तिथल्या दुकानदारांनी काचेला आतून गोणपाट लावलेलं असे आणि गोणपाटावर पाणी मारलेलं असे. इरफान म्हणाला होता, ताई, तिथं नुसतं न्यायचं, बोलायचं कामच नाही, गोणपाट बोलेल.

मी म्हणाले, "अक्कलकोट रोडचं मुलींचं वसतिगृह."

मग मागच्या बाकावरून भोगडे म्हणाला, "मॅडमनी अर्ज मागं घेतला की ओ." बस हसली.

हसण्यासारखंच होतं. ते वसतिगृह तोरवी सरांची सगळ्यात नावाजलेली इमारत. बाहेरगावचे विद्यार्थी ती पाहायला यायचे. तिच्या पश्चिमेच्या खोल्यांसमोर विटांच्या जाळीची एक लांब गॅलरी आहे. तिला जिल्ह्यात सगळे तोरवी गॅलरी म्हणत. तिची नक्कल झाली नाही असा रस्ता शहरात नव्हता.

इरफाननं माझ्याकडं पाहिलं. ओठ न हलवता तो म्हणाला, "ताई, काय करालाव?"

मी उत्तर दिलं नाही. बस सुटली होती.

तोरवी सर पुढच्या बाकावर होते. ते हसले नव्हते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहत त्यांनी फक्त शर्टाचं वरचं बटण लावलं.

*

मला काय हवं होतं ते एका ओळीत सांगता येतं. आर्किटेक्टनं बांधलेल्या इमारतीत, लोक राहायला गेल्यावर येणाऱ्या पहिल्या उन्हाळ्यात, त्यानं एक दुपार जाऊन बसावं. जे दिसेल ते मंडळासमोर सांगावं. असा नियम. बस्स.

आमचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. त्या वर्षांत आम्ही मुंबईची मासिकं पाहून घरं बांधत होतो. लोक त्यात राहत, भाजत, आणि दुपारी जिन्याखाली येऊन झोपत. कुठल्याही नव्या कॉलनीत एप्रिलमध्ये जा, जिन्याखाली सतरंजी दिसायची. आम्हाला दिसत नव्हती, कारण वास्तुशांतीचं जेवण झालं की आमचं त्या घरात जाणं संपायचं.

मी अर्ज भरला त्या बैठकीत तोरवी सरांनी या नियमाला विरोध केला होता. आवाज न चढवता. ते म्हणाले, "पद्मजा, नियम केलास की माणूस नियमापुरतंच खरं बोलेल."

मी म्हणाले, "निदान तेवढं तरी बोलेल, सर."

टाळ्या मला पडल्या होत्या.

*

वसतिगृहाच्या रेक्टर दुधनीकर बाई फाटकातच भेटल्या. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं सरकारी तपासणी आली. मग तोरवी सर दिसले तसा त्यांचा चेहरा खुलला. "आलाव का सर? म्हटलं यंदा विसरला का काय," त्या म्हणाल्या, आणि लगेच गच्चीच्या पन्हाळीची तक्रार सुरू केली. सरांनी नुसती मान हलवली. अण्णांनी बाईंना समजावलं की आज सरांना आपणहून बोलता येणार नाही. बाई म्हणाल्या, आजारी आहेत का?

मग त्या आम्हाला पश्चिमेच्या खोल्यांकडं घेऊन गेल्या.

सरळ सांगते. तिथं गार होतं.

बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत, ऐन पश्चिमेला, दुपारी तीनला, मुली परीक्षेचा अभ्यास करत बसल्या होत्या. काही जणी वही तोंडावर ठेवून झोपल्या होत्या. गॅलरी म्हणजे खोल्यांच्या भिंतीपुढं एक माणूस चालेल एवढी जागा सोडून उभी केलेली दुसरी भिंत, सगळी तिरक्या विटांची. मधल्या जागेत पाण्याचे रांजण. वारा जाळीतून येताना चिरला जायचा, रांजणांवरून जायचा आणि खोलीत शिरायचा तेव्हा त्याचा दुपारशी काही संबंध उरलेला नसायचा.

सभासद गॅलरीत खाली बसले. भोगडेनं पाय पसरले. कुणीतरी विटेवर हात ठेवून काढेना. अण्णांनी डबा उघडून ताक वाटायला घेतलं. भोगडे म्हणाला, "अण्णा, मतं इथंच घेऊन टाका की. परत कशाला जायचं उन्हात?"

इरफान माझ्याशेजारी बसला होता आणि बोटं मोडत होता. त्याला वाटत होतं आपण हरलो. मला वाटत होतं अजून सुरुवात व्हायची आहे.

*

प्रिंट कसं निघायचं ते सांगायला हवं, कारण आता ते यंत्र कुठं दिसत नाही.

नकाशा ट्रेसिंगवर काढायचा. ट्रेसिंग म्हणजे आरपार दिसणारा कागद. तो पिवळसर प्रिंटच्या कागदावर ठेवून यंत्रात सोडायचा. दोन्ही बाहेर आले की प्रिंट अमोनियाच्या वाफेत धरायचं, की रेषा निळ्या उमटायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. ट्रेसिंग आरपार असल्यामुळं ते पालथं पडलं तरी रेषा उमटतातच, फक्त डावं ते उजवं होतं. तसं झालं की लगेच कळतं, कारण अक्षरं उलटी येतात.

तोरवी सरांच्या ऑफिसात ट्रेसिंगवर अक्षरं नसत. फक्त रेषा आणि उत्तरेचा बाण. खोल्यांची नावं, मापं, सूचना सगळं सर स्वतः प्रिंटवर लाल पेन्सिलनं लिहायचे. शिकाऊ पोरांच्या अक्षरात आपला नकाशा बाहेर गेलेला त्यांना चालत नसे.

मी त्या ऑफिसात शिकाऊ होते. एका सकाळी कपाट आवरताना मला वसतिगृहाचं मूळ ट्रेसिंग सापडलं. त्यात मुलींच्या खोल्या पूर्वेला होत्या. पश्चिमेला जिना, न्हाणीघरं, कोठार. ऊन खायची कामं पश्चिमेला आणि माणसं पूर्वेला, शाळकरी वाटावं इतकं सरळ. पण वसतिगृह मी पाहिलं होतं. तिथं माणसं पश्चिमेला होती.

मी ट्रेसिंग सरांकडं नेलं. त्यांनी ते खिडकीच्या काचेवर धरलं. मग उलटं करून धरलं. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग गुंडाळी करून कपाटात ठेवली आणि मला म्हणाले, जा, चहा पी.

या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

*

"उमेदवाराचा प्रश्न," अण्णा म्हणाले. "एकच. बघा बरं मॅडम."

मी उभी राहिले. "सर, या खोल्या पश्चिमेला का आहेत?"

गॅलरीत कुणीतरी हुंकारलं. या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना तेच सांगितलं जायचं: तोरवींनी मुद्दाम वाईट दिशा घेतली, आव्हान म्हणून. वाघाच्या गुहेत घर बांधून दाखवलं. सर तिथं उभे असत आणि ऐकत.

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा त्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला. त्यांच्याकडं पाहताना मला वाटलं, ते आव्हानच सांगणार. त्यांनी तसं सांगितलं असतं तर मी काही करू शकले नसते. माझा प्रश्न संपला होता.

"चुकून," सर म्हणाले.

भोगडेनं पाय जवळ घेतले.

मग सरांनी सगळं सांगितलं, साइटवर कामाच्या सूचना द्याव्यात तसं. ट्रेसिंग पालथं पडलं. प्रिंटवर अक्षरं त्यांनीच लिहिली. मोठ्या चौकोनात खोली, लहान चौकोनात कोठार. कुठल्या बाजूचा चौकोन हे पाहिलं नाही, अक्षर पाहिलं. बांधकामावर ते दोनदाच गेले, दोन्ही वेळा ऐन बाराला, सूर्य डोक्यावर. पहिल्या उन्हाळ्यात खोल्यांमध्ये मुली चक्कर येऊन पडल्या.

"मी आपणहून आलो नव्हतो," ते म्हणाले. "दुधनीकर बाईंनी माणूस पाठवला म्हणून आलो. तेव्हापासून दर वर्षी येतो."

दारात उभ्या बाई म्हणाल्या, "येतात की. खरं आहे." अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं.

मी खाली बसले. जे पटवायला मी महिनाभर घरोघर फिरले होते ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं: गेलो तर कळलं, गेलो नसतो तर कळलं नसतं. माझ्या नियमाला यापेक्षा मोठा साक्षीदार मिळणार नव्हता. इरफाननं माझ्या हातावर टाळी दिल्यासारखं केलं, आवाज न करता.

एका वयस्क सभासदानं विचारलं, म्हणजे ही जाळी मागाहूनची? सर म्हणाले, मागाहूनची. त्यानं विचारलं, मग आव्हान वगैरे? सर म्हणाले, ते मी कधी म्हणालो नाही, तुम्ही लोक म्हणत होता, मी ऐकून घेत होतो.

शहरातल्या सगळ्या जाळ्या त्या वेळी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून गेल्या असणार. बँकेची, दोन मंगल कार्यालयांची, स्वतः भोगडेच्या बंगल्याची. वर्षानुवर्षं आम्ही एका औषधाची नक्कल करत होतो. आजार कुणी पाहिला नव्हता.

अण्णा म्हणाले, "आता तुमची निवड, तोरवी. मॅडमची इमारत. चला, बसमध्ये बसून सांगा."

"बसमध्ये बसायची गरज नाही, अण्णा," सर म्हणाले. "मी कालच ठरवलं होतं. मघापासून तुम्ही तिच्याच इमारतीत बसलाय."

*

ट्रेसिंग खिडकीला धरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला एक कोरा कागद दिला होता. सराव म्हणून. समज, खोल्या पश्चिमेला आहेत, ते म्हणाले. समज, पाडता येणार नाहीत. वाचव.

मी आठवडाभर कागद भरत होते. छज्जे काढले, झाडं काढली, सगळं खोडलं. शेवटी आजोळच्या परसातली मोरी आठवली. तिला आडोसा म्हणून विटा तिरक्या रचलेल्या होत्या. तिथं मांजर झोपायचं, भर दुपारी. मी ती मोरी लांब केली. सरांनी कागद घेतला, बरा आहे म्हणाले. मग माझी शिकाऊ मुदत संपली, पुढचं शिकायला मी बाहेर गेले, आणि परतले तेव्हा माझी मोरी तोरवी गॅलरी झाली होती.

मला वाटलं होतं, फेरीत ते चूक कबूल करतील किंवा करणार नाहीत. मोरीचं नाव ते घेतील हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

*

"ही जाळी पद्मजानं काढली," तिची कशी असं अण्णांनी विचारल्यावर सर सांगत होते. "वीटन् वीट. मी फक्त बांधून घेतली."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. इरफान तर असा पाहत होता की जणू मी त्याच्यापासून एखादं मूल लपवून ठेवलं होतं. अण्णा पुटपुटले, बरं झालं जिवंतपणी ऐकलं. मला मान वर ठेवता येईना आणि खालीही घालवेना. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं होतं, आणि सर माझ्याकडं पाहत नव्हते.

भोगडेनं हात वर केला. "म्हणजे सर, मॅडम तेव्हा तुमच्या ऑफिसात होत्या?"

"होती."

"शिकाऊ?"

"शिकाऊ."

"तुमच्याकडं प्रिंट कोण काढायचं ओ?"

सर थांबले. किती थांबले ते मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं फार, कधी वाटतं मुळीच नाही.

"प्रिंट शिकाऊ पोरं काढायची," ते म्हणाले.

तिन्ही उत्तरं खरी होती.

भोगडे मुद्दाम विचारत होता असं मी म्हणणार नाही. तो कोडं सोडवत होता. आम्हा सगळ्यांना कोडं सोडवायची सवय असते. दोन भिंती दिसल्या की तिसरी आम्हीच काढतो. त्यानं काढली. बाकीच्यांनीही काढली. मी गॅलरीत एकेका चेहऱ्यावर ती भिंत उभी राहताना पाहिली. पोरवयात तिच्या हातून चूक झाली, मग रात्रंदिवस खपून निस्तरली. आणि सरांनी तिचं नाव इतकी वर्षं कुठं येऊ दिलं नाही. कुणीतरी हळू आवाजात म्हणालंही, "माणूस म्हणावं ते याला."

कुणाच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडं मायेनं पाहत होते.

"आणखी कुणाचा प्रश्न?" अण्णांनी विचारलं.

मला एक प्रश्न हवा होता. कुणाचाही. मॅडम, ते प्रिंट तुम्ही काढलं का? एवढाच. मला आपणहून बोलता येत नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्या दातांमागं तयार होतं. पण मी नियमाच्या नावावर उभी होते. पहिला चटका बसला की नियम मोडणारी बाई दुसऱ्यांना उन्हात काय पाठवणार?

मी इरफानकडं पाहिलं. डोळ्यांनी जेवढं विचार म्हणता येतं तेवढं म्हणाले.

त्याला कळलं. मी शपथेवर सांगेन, त्याला कळलं. त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडं पाहिलं, गॅलरीकडं पाहिलं, मग मिटलं.

"आणखी कुणाचा?"

जाळीच्या भोकांतून उन्हाचे तुकडे फरशीवर पडले होते. त्यातला एक तोरवी सरांच्या बुटावर होता. त्यांनी पाय हलवला नाही.

"नाही ना कुणाचा? संपलं मग," अण्णा म्हणाले.

इरफाननं स्वतःचा ताकाचा पेला माझ्या हातात दिला. "प्या ताई," तो म्हणाला. आजारी माणसाला म्हणावं तसं.

*

मी हरले. थोडक्यात हरले असंही नाही. मतं मोजल्यावर बरेच जण मला येऊन भेटले आणि जाळीबद्दल चांगलं बोलले.

तोरवी सर सगळ्यात शेवटी आले. मंडळाच्या सभागृहात पंखे बंद करत होते.

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ते काय समजतायत."

"हो."

"मग?"

"मला विचारलं तेवढं सांगितलं. खरं सांगितलं." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "निदान तेवढं तरी बोललो. नाही का?"

मी काही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती की नाही, माहीत नाही. मग म्हणाले, तुझी जाळी मात्र मी एकाही वर्षी चुकवली नाही. आणि गेले. त्यांच्या चालण्यात जिंकलेल्या माणसाचं काही नव्हतं. हरलेल्याचंही नव्हतं.

घरी सोडताना इरफाननं गाडी दोनदा चुकीच्या वळणावर घातली. तिसऱ्यांदा मी विचारलं, "विचारलं का नाहीस?"

"विचारणार होतो, ताई. ओठावर होतं." मग म्हणाला, "पण तुम्ही खोटं बोलला नसता. आणि तुम्ही हो म्हणाला असता तर?"

*

तो नियम आमच्या मंडळात कधी आला नाही. फेरीही पुन्हा झाली नाही. अण्णा गेल्यावर निवडणुका पत्रानं होऊ लागल्या.

मी मात्र एप्रिलमध्ये जाते. माझ्या घरांत, शाळांत, एका दवाखान्यात. जाऊन बसते. कुठं जिन्याखाली सतरंजी दिसते, कुठं नाही.

वसतिगृहाच्या गॅलरीला आता सगळे येमूल मॅडमची जाळी म्हणतात. आर्किटेक्चरच्या कॉलेजात ती शिकवतात, आणि तिची गोष्टही शिकवतात: एका शिकाऊ मुलीनं ट्रेसिंग पालथं घातलं, आणि ती चूक सोडून पळाली नाही. गोष्ट चांगली आहे. मुलांना धीर येतो. मध्यंतरी त्यांनी मला बोलावलं होतं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, मॅडम, प्रिंट उलटं निघालंय हे कळलं तेव्हा तुम्हाला किती भीती वाटली?

ते प्रिंट निघालं त्या वर्षी मी बारावीत होते.